लाकडी ढाल कशी बनत असे

श्रोतेहो, शाळा-कॉलेजांत वक्तृत्वाच्या नाहीतर क्रिकेटच्या सामन्यांत जी 'फिरती ढाल' देतात, ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. वरून सपाट, खाली निमुळती होत गेलेली, चांगल्या पॉलिश केलेल्या जाडजूड लाकडाची, आणि तिच्यावर विजेत्यांची नावे कोरलेले चांदीचे लहान लहान पत्रे. तिला आपण ढाल म्हणतो खरे, पण ती आपल्याकडची ढाल नव्हे. आपली ढाल बहुधा गोल. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची, नाहीतर पोलादाची. लाकडाशी तिचा फारसा संबंध नाही. फिरत्या ढालीचा आकार आला तो युरोपातून, तेराव्या शतकातल्या घोडेस्वार सरदारांकडून. त्यांची ढाल मात्र खरोखरच लाकडाची असे.

ही लाकडी ढाल मुळात बनवीत कशी, हा आजचा विषय. प्रदेश उत्तर आणि मध्य युरोपचा. काळ ढोबळमानाने सहाव्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंतचा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. फिरती ढाल पाहून किंवा सिनेमा पाहून आपली अशी समजूत होते की ढाल म्हणजे जाड फळ्यांचे एक दार, आणि तलवार अडते ती त्या जाडीमुळे. प्रत्यक्षात ह्या ढालींचे लाकूड आपल्या हाताच्या करंगळीहूनही पातळ असे. मग ती ढाल टिकायची कशाच्या जोरावर?

पहिली अडचण पुराव्याची. लाकूड मातीत कुजते. इंग्लंडमध्ये पाचव्या ते सातव्या शतकांत जी अँग्लो-सॅक्सन माणसे पुरली गेली, त्यांच्यापैकी पुष्कळ पुरुषांच्या थडग्यांत ढाली ठेवलेल्या होत्या. आज उकरून पाहावे, तर हाती लागते ती ढालीच्या मध्यावरची लोखंडी वाटी, मुठीची पट्टी आणि चार खिळे. परंतु एवढ्यावरूनही उत्खनन करणाऱ्यांनी बरेच काही शोधून काढले आहे, आणि त्यांची ती युक्ती मला फार आवडते. खिळा फळीतून आरपार घालून मागच्या बाजूला ठोकून चपटा केलेला असतो. तेव्हा खिळ्याचे डोके आणि मागचा चपटा भाग ह्यांच्यामध्ये जेवढे अंतर, तेवढ्यात वाटीचा काठ, फळी आणि कातडे बसलेले असले पाहिजे. झाले, जाडी मिळाली! बहुतेक ठिकाणी फळी एक सेंटिमीटरहून कमी भरते. दुसरी गोष्ट गंजाची. लोखंड गंजताना त्याचे क्षार शेजारच्या लाकडाच्या तंतूंत शिरतात. पुढे लाकूड नाहीसे होते, पण तंतूंचा साचा गंजात तसाच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो साचा पाहिला की झाड कोणते होते ते ओळखता येते.

ह्या झाडांच्या बाबतीत एक मौज आहे. जुन्या इंग्रजी काव्यात ढालीला सरळ 'लिंड' म्हणजे लिंडनचे झाड असेच म्हटलेले आढळते. कवी 'लिंड उचलली' म्हणाला की ऐकणाऱ्याने ढाल समजायची. त्यामुळे कित्येक वर्षे विद्वानांनी धरून चालवले की ढाली लिंडनच्याच असत. थडग्यांतले गंजके खिळे मात्र दुसरेच सांगतात. इंग्लंडात सापडलेल्या ढालींत विलो, पॉप्लर आणि आल्डर ह्या झाडांचे लाकूड जास्त, लिंडन क्वचित. कवींना जो शब्द वृत्तात बसला तो त्यांनी ठेवला, सुताराने नदीकाठी जे झाड मिळाले ते तोडले. दोघांचेही बरोबरच होते म्हणा.

पण ही सगळी झाडे एका जातीची आहेत. म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या नव्हे, सुताराच्या हिशेबाने. सारी हलकी, मऊ आणि चिवट. ओक कठीण असतो, पण जड असतो आणि रेषेत पटकन फाकतो. विलोवर घाव पडला तर लाकूड दबते, तंतू बाजूला सरकतात आणि पाते आत अडकते. रोमन ग्रंथकार प्लिनी ह्याने पहिल्या शतकातच हे लिहून ठेवले आहे. ढालींना योग्य म्हणून त्याने जी लाकडे सांगितली त्यांत विलो, लिंडन, बर्च, पॉप्लर आणि अंजीरसुद्धा आहे. त्याने दिलेले कारण असे की, ह्या लाकडांना झालेली जखम लगेच आकसून मिटते आणि लोखंडाला सहजी पार जाऊ देत नाही. आपल्या श्रोत्यांपैकी क्रिकेट खेळणाऱ्यांना हे पटवून द्यायला नको. बॅट विलोची का करतात? चेंडूचा मार खाऊनही ती चिरफळत नाही म्हणून. नॉर्वेसारख्या प्रदेशात मात्र पाइनच्या फळ्याही वापरीत. जे लाकूड विपुल, हलके आणि सरळ तंतूंचे, ते चाले.

आता जाडीचे थोडे गणित करू. ढाल गोल आहे आणि तिचा व्यास ९० सेंटिमीटर आहे असे धरा. फळी ७ मिलिमीटर जाड आणि लाकूड पाण्याच्या निम्म्या वजनाचे धरले, तर नुसते लाकूड सव्वादोन किलो भरते. वाटी, मूठ आणि कातडे धरून आणखी थोडे वाढेल. तीच ढाल दोन सेंटिमीटर जाड ओकची केली, तर लाकडाचेच वजन नऊ किलोच्या घरात जाते. नऊ किलोचा धोंडा डाव्या हातात धरून, हात पुढे करून, घटकाभर उभे राहून पाहावे! शिवाय ही माणसे नुसती उभी राहत नव्हती.

गोल ढालीची बांधणी अशी. उत्तरेकडचे सुतार त्या काळी ओंडका करवतीने न कापता पाचरी मारून फाकवीत आणि मग कुऱ्हाडीने तासून फळी काढीत. असे केल्याने लाकडाचे तंतू मध्येच तुटत नाहीत; पातळ फळीलाही जोर राहतो. अशा सहा-सात किंवा आठ फळ्या कडेला कड लावून शेजारी शेजारी ठेवायच्या. त्यांना खाचा नाहीत, कुसे नाहीत; नुसता कडेला कडेचा सांधा. मग वर्तुळ आखून कापायचे. कडेकडे फळी आणखी पातळ करीत नेत, म्हणजे वजन मध्याकडे राहते आणि ढाल चटकन फिरते. मध्यभागी मुठीएवढे भोक. भोकाच्या पुढे लोखंडाची खोलगट वाटी, साधारण १५ सेंटिमीटर रुंद, काठाला खिळे मारून बसवलेली. मागे एक लांब पट्टी सर्व फळ्यांना आडवी घालून ठोकलेली. तिचा भोकावरून जाणारा भाग हीच मूठ. लढणाऱ्याची मूठ भोकात, वाटीच्या आडोशाला. ही आडवी पट्टी दुहेरी काम करते: ती धरायलाही आहे आणि फळ्या एकत्र ठेवायलाही आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की ह्या ढाली आजच्या प्लायवुडसारख्या, म्हणजे लाकडाचे थर उभे-आडवे चिकटवून केलेल्या असत. ती विद्या जुनी आहे ह्यात शंका नाही. सीरियातील ड्यूरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातली एक रोमन ढाल जवळजवळ पूर्ण सापडली आहे. ती पातळ पट्ट्यांचे तीन थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून केलेली आहे. पण उत्तर युरोपातल्या ज्या गोल ढाली प्रत्यक्ष मिळाल्या, त्या फळ्यांच्या एकाच थराच्या आहेत. थर एकच, म्हणजे तंतू सगळे एकाच दिशेने. त्या दिशेने घाव बसला की फळी फाटायचा धोका आलाच.

तो धोका टाळण्याचे काम सरसाचे आणि कातड्याचे. माझ्या मते ढालीचा खरा प्राण येथे आहे.

आधी सरस. आपले सुतार जो सरस वापरीत असत, तो कातडे आणि हाडे उकळून केलेला. तो पकडतो घट्ट, पण ओल लागली की मऊ पडतो. पावसात आणि समुद्रावर हिंडणाऱ्या ढालीला हे परवडणारे नव्हते. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला थिओफिलस ह्या नावाने लिहिणाऱ्या एका जर्मन साधूने कारागिरीवर एक लॅटिन ग्रंथ लिहिला आहे. त्यात चर्चच्या वेदीमागच्या फळ्या आणि दारे कशी जोडावी हे सांगताना तो चीजचा सरस करायला सांगतो. मऊ चीज बारीक कापावे. गरम पाण्यात घालून खलात कुटावे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावे. मग ते हाताने पातळ करून गार पाण्यात ठेवावे, की ते घट्ट होते. नंतर लाकडी पाटावर घोटून, खलात घालून, कळीचा चुना कालवलेल्या पाण्याबरोबर दाट होईपर्यंत कुटावे. ह्या सरसाने जोडलेल्या फळ्या एकदा वाळल्या की ओलीने किंवा उष्णतेने सुटत नाहीत, अशी तो ग्वाही देतो. ही काही साधूची बढाई नव्हे. दुधातल्या ह्या द्रव्याला आपण आज केसीन म्हणतो, आणि पहिल्या महायुद्धात लाकडी विमानांचे सांधे केसीनच्याच सरसाने जोडले जात होते.

फळ्या जोडून झाल्यावर थिओफिलस त्यांवर घोड्याचे, गाढवाचे किंवा गाईचे कच्चे कातडे चढवायला सांगतो. केस खरवडून काढलेले ते कातडे पाण्यात भिजवलेले असावे आणि थोडे पिळून, ओले असतानाच, चीजच्या सरसाने चिकटवावे. तो येथे बोलतो आहे चर्चच्या दारांविषयी; पण पुढच्या काळातल्या ज्या सरदारी ढाली आज शिल्लक आहेत, त्यांची घडण ह्याच वळणाची आहे. कच्चे कातडे वाळताना काय करते, हे तबल्याची किंवा ढोलकीची पुडी चढवताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल. ते आकसते, ताणले जाते आणि खणखणीत होते. फळीवर चिकटवलेले कातडे असे आकसले की सर्व फळ्यांना ते एका मुठीत धरल्यासारखे आवळते. कातड्याला लाकडासारखी एकच दिशा नसते. त्याचे तंतू सगळीकडे गुंतलेले असतात. म्हणून लाकूड जिथे फाटू पाहते तिथे कातडे त्याला अडवते. लॅट्व्हियात टीरा येथील दलदलीत सापडलेल्या नवव्या शतकातल्या एका ढालीला तर दोन्ही बाजूंनी कातडे आहे. एकाच बाजूला कातडे लावले तर पातळ फळी त्या बाजूला वाकणार, हे कोणीही सुतार सांगेल.

ढालीचा आधार कातडे, आणि कातडे तर रंगाखाली झाकले जाणारे! लबाडीला ह्याहून चांगली जागा कोणती? इंग्लंडचा राजा अ‍ॅथेलस्टन ह्याने ९२५ ते ९३० च्या सुमारास जे कायदे केले, त्यांत एक छोटेसे कलम आहे: ढाली करणाऱ्या कारागिराने ढालीवर मेंढीचे कातडे घालू नये, घातल्यास दंड तीस शिलिंग. मेंढीचे कातडे स्वस्त, पण पोकळ. त्यात चरबी फार, त्यामुळे त्याचे पदर सुटतात आणि ते सहज फाटते. रंग दिल्यावर मात्र ते गाईचे की मेंढीचे हे गिऱ्हाइकाला कळायचे कसे? कळायचे ते रणांगणावर, आणि मग तक्रार करायला तो परत येण्याची शक्यता कमीच. आता ह्या दंडाची किंमत पाहा. ह्याच राजाच्या काळातल्या लंडनच्या नियमांत चोरीस गेलेल्या जनावरांची भरपाई ठरवून दिली आहे. त्यात मेंढीला एक शिलिंग, आणि बैलाला तीस पेनी, म्हणजे सहा शिलिंग. म्हणजे एका मेंढीच्या कातड्यासाठी दंड तीस मेंढ्यांचा, किंवा पाच बैलांचा! राजाने ढालीची जाडी ठरवली नाही, लाकूड ठरवले नाही. त्याने नेमके कातड्यावर बोट ठेवले. नॉर्वेच्या गुलाथिंग कायद्यात अशीच एक अट आहे. प्रत्येक हत्यारबंद शेतकऱ्याच्या ढालीवर निदान तीन लोखंडी पट्ट्या आडव्या असाव्यात आणि मूठ लोखंडी खिळ्यांनी ठोकलेली असावी. तिथेही चिंता एकच: फळ्या सुटता कामा नयेत.

ह्या संदर्भात गोकस्टाडच्या ढालींची हकिकत सांगण्यासारखी आहे. १८८० साली नॉर्वेत गोकस्टाड येथील एका टेकाडात निकोलायसेन ह्या संशोधकाला एक अख्खे जहाज पुरलेले मिळाले. इसवी सन ९०० च्या सुमाराचे. जहाजाच्या दोन्ही अंगांना बत्तीस-बत्तीस अशा चौसष्ट ढाली ओळीने लावलेल्या. एक पिवळी, एक काळी, एक पिवळी, एक काळी. प्रत्येकीचा व्यास सुमारे ९४ सेंटिमीटर. आता ह्या ढाली इतक्या पातळ होत्या, आणि त्यांवर कातडे असे काही दिसेना, की त्या खऱ्या नव्हेत, केवळ अंत्यविधीच्या शोभेसाठी केल्या, असे मत रूढ झाले. ते शंभर-सव्वाशे वर्षे टिकले. त्यात भर अशी की, संग्रहालयात ज्या 'पूर्ण' ढाली दाखवीत, त्या निरनिराळ्या ढालींच्या फळ्या एकत्र करून, नव्या पोलादी पट्ट्यांनी जुळवलेल्या होत्या! २०२३ साली रॉल्फ वॉर्मिंग ह्या संशोधकाने ह्या फळ्यांची नव्याने तपासणी करून लेख प्रसिद्ध केला. कडेला असलेल्या बारीक भोकांकडे त्याने लक्ष वेधले. त्या भोकांतून काहीतरी शिवलेले किंवा ठोकलेले होते. आणि ते बहुधा चर्मपत्रासारखे पातळ कातडे असावे, असा त्याचा निष्कर्ष आहे. तसे असेल तर रंग कातड्यावर होता आणि ढाल पातळ असूनही लढाईची होती. मला हे पटते. डेन्मार्कमध्ये ट्रेलेबोर्ग येथे २००८ साली दहाव्या शतकातली जी ढाल मिळाली, तीही पाइनच्या पातळ फळ्यांचीच आहे. पातळपणा हा दोष आहे असे आपण धरून बसलो, कारण आपल्या डोळ्यांपुढे दार होते.

तरीही पातळ ढाल तुटत नसे काय? तुटत असे, पुष्कळ तुटत असे. आइसलंडच्या सागांत, म्हणजे तिथल्या जुन्या गद्य कथांत, द्वंद्वयुद्धाचे नियम येतात. कोर्माकच्या सागात प्रत्येक लढणाऱ्याला तीन ढाली दिल्या जातात. एक फुटली की दुसरी, दुसरी फुटली की तिसरी. तिसरी संपल्यावर हत्यारानेच निभावायचे. ढाल ही पैजारासारखी झिजणारी वस्तू होती. मधल्या एकाच मुठीने धरलेली ती ढाल पुढे-मागे, डाव्या-उजव्या बाजूला फिरवून समोरच्याचा घाव सरळ बसू न देणे, हाच तिचा उपयोग. सरळ घाव बसलाच, तर पाते लाकडात रुतायचे आणि ते सोडवीपर्यंत दुसऱ्याला संधी मिळायची.

अकराव्या शतकात घोडेस्वारांनी हे सारे बदलले. घोड्यावरच्या माणसाला लगाम धरायचा असतो. त्याला मुठीत ढाल पेलत बसता येत नाही. म्हणून ढालीला मागे चामड्याचे पट्टे आले. त्यांतून हात घालायचा, आणि एक लांब पट्टा गळ्यात अडकवायचा. हाताखाली गादी. डावा पाय झाकावा म्हणून ढाल खाली लांब व निमुळती झाली. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईची चित्रे ज्यावर भरलेली आहेत त्या बायूच्या कापडावर अशा पतंगाच्या आकाराच्या ढाली ओळीने दिसतात, आणि काहींत बाण रुतलेलेही दिसतात. पुढे पायांना लोखंडी कवच आले तशी ढाल आखूड होत गेली, आणि आपल्या फिरत्या ढालीचा आकार तयार झाला. फळ्या आता सपाट न ठेवता अंगाभोवती किंचित वळवलेल्या असत.

बांधणीचे तत्त्व मात्र जुनेच राहिले आणि वरचे थर वाढत गेले: लाकूड, त्यावर कातडे किंवा जाडे कापड, त्यावर खडू आणि सरस ह्यांचा लेप, आणि शेवटी रंग. जर्मनीत मारबुर्ग येथे अशा काही मूळ ढाली जपलेल्या आहेत. त्यांत १२४० साली वारलेल्या थुरिंगियाच्या कोनराडच्या ढालीवरचा सिंह रंगवलेला नाही. तो कातड्याचाच, उठावदार घडवलेला आहे. इंग्लंडचा 'ब्लॅक प्रिन्स' एडवर्ड १३७६ साली वारला. कँटरबरीच्या चर्चमध्ये त्याच्या समाधीवर टांगलेल्या ढालीवरही कापड, लेप आणि कातडे असे थर आहेत आणि सिंह कातड्याचे आहेत.

वळवलेले लाकूड, लेप आणि रंग हे काम नुसत्या सुताराचे राहिले नाही. वासारी ह्या इटालियन चरित्रकाराने सोळाव्या शतकात लिओनार्दोची एक गोष्ट सांगितली आहे. एका शेतकऱ्याने अंजिराच्या लाकडाची गोल ढाल रंगवायला दिली. ती वेडीवाकडी होती. लिओनार्दोने ती विस्तवावर शेकून सरळ केली, कातकाम करणाऱ्याकडून गुळगुळीत करून घेतली, लेप दिला आणि मग रंग हातात घेतला. गोष्ट खरी असो वा नसो, कामाचा क्रम खरा आहे; आणि लाकूड प्लिनीच्याच यादीतले आहे.

पंधराव्या शतकात अंगभर पोलादी कवच आले आणि घोडेस्वाराच्या हातातली लाकडी ढाल मागे पडली. तिच्यावर रंग देणारे लोक मात्र आपला धंदा करीत राहिले; ढालीऐवजी फळ्यांवर आणि पुढे कापडावर चित्रे काढू लागले. ढालीला डच भाषेत 'स्खिल्ड' म्हणतात आणि ढाल रंगवणाऱ्याला 'स्खिल्डर'. आजही त्या भाषेत चित्रकाराला हाच शब्द आहे. रेम्ब्रांटने जन्मात ढाल रंगवली नसेल, पण त्याच्या देशात त्याला 'स्खिल्डर'च म्हणतात.